ना इकडच्या कपाटात, ना तिकडच्या

दुपारची बॅच गेली की कॉलेजच्या प्रयोगशाळेतली मदतनीस अंजिरा साळुंखे शेवटच्या टेबलावर डोकं टेकते. डोळा लागतो न लागतो तोच नळाचं टपटपणं आधी मोठं होतं, मग लांब जातं. समोरच्या स्टुलावर पूर्वी इथेच शिकवणाऱ्या ताम्हाणे मॅडम बसलेल्या आहेत. मॅडमना जाऊन अकरा वर्षं झाली, हे अंजिराला ठाऊक आहे. पण समोर बसलेल्या माणसाला हे तोंडावर सांगायचं कसं?

“युग्लिना कशी आहे?” मॅडम विचारतात. ख्यालीखुशाली नाही, थेट तेच.

युग्लिना म्हणजे बाटलीतलं हिरवट पाणी. थेंबाथेंबात डोळ्यांना न दिसणारे हजारो जीव. मॅडमनी ते तरुणपणी गावाबाहेरच्या तळ्यातून आणलं आणि शेवटच्या आजारपणात अंजिराच्या हवाली केलं. मरू देऊ नकोस, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी अंजिरा गहू उकडते, ते पाणी निववते आणि त्यात जुन्या बाटलीतलं थोडं ओतून नवी बाटली लावते. लावायची, म्हटलं पाहिजे.

“बरी हाय,” ती सांगते.

बाटली यंदाच्या मे महिन्यात मेली. या वेळी सुट्टीत पहिल्यांदाच प्रयोगशाळेला कुलूप लागलं. किल्लीसाठी अंजिरा वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेली, तर ते म्हणाले, युग्लिना पोहते, ती आमची कशी? प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, हिरवीगार आहे, उजेडावर पोट भरते, आमच्या गळ्यात कशाला? सजीवांच्या वनस्पती आणि प्राणी अशा दोनच सृष्टी शिकवायचे तेव्हा हेच दोन विभाग तिला आपली म्हणून ओढायचे. मग पुस्तकात पाच सृष्टी आल्या, युग्लिना प्रोटिस्टा नावाच्या तिसऱ्याच घरात गेली आणि दोघांनी हात झटकले. प्रोटिस्टाचा विभाग काही कॉलेजात नाही. मग किल्ली देणार कोण?

जूनमध्ये तळाला नुसता तपकिरी गाळ होता. अंजिराने गुपचूप टाकीतलं शेवाळी पाणी बाटलीत भरलं. मुलांनी आकृत्या पुस्तकात बघून काढल्या, सरांनी सह्या केल्या. कुणाला पत्ताही लागला नाही. तिला खातंय ते हेच.

“चल, दाखव,” मॅडम उठतात. त्यांच्या साडीचा काठ ओला आहे. पायाखालची फरशी मऊ लागते आणि दोघी तळ्यात उभ्या आहेत. तळं बुजवून तिथे एसटी स्टँड झालं, त्यामुळे गुडघाभर पाण्यात लाल गाड्याही उभ्या आहेत, आणि गाड्यांच्या मधे मॅडमची दवाखान्यातली खाट. खाटेवर, जेवणाचं ताट ठेवायचे तिथे, मायक्रोस्कोप.

आता लपवण्यात अर्थ नाही.

“मॅडम, मेली ती. मला सांभाळता आली न्हाई.”

मॅडम रागावत नाहीत. चार शब्द सुनावले असते तर अंजिराला बरं वाटलं असतं. त्या भिंग पुसत बसतात आणि मग विचारतात, “तू तिला कधी बघितलीस का गं?”

नाही बघितली. स्लाइड लावून द्यायची, टेबल पुसायचं, काचा धुवायच्या. डोळा लावणं हे शिकलेल्यांचं काम. कुणी नको म्हटलं नव्हतं. तिनेही कधी मागितलं नव्हतं.

“मग बघ आता.”

अंजिरा वाकते आणि उजवा डोळा लावते. गोल, पांढरा उजेड. ती आणखी दाबून बघते. उजेड हलत नाही, त्यात काहीच पोहत नाही.

“काय दिसतं?”

“काय न्हाई. नुसता उजेड.”

“आता दिसायची नाही ती,” मॅडम म्हणतात. आवाज लांब गेलाय. “तळं नाही, बाटली नाही. पुन्हा आणणार कुठून?”

अंजिरा तरी डोळा काढत नाही. मानेवर मॅडमचा हात आहे, वजन नसलेला. मग तोही नाही.

घंटा होते. ती दचकून उठते. टेबल रिकामं आहे, मायक्रोस्कोप सगळे कपाटात बंद. तोंडावर पाणी मारायला ती बेसिनपाशी जाते आणि आरशात बघून थबकते. उजव्या डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलंय, बांगडीने काढावं तसं नेमकं. ती त्यावरून बोट फिरवते. खाच चांगली खोल आहे. खूप वेळ, खूप जोर लावून भिंगातून बघितल्याशिवाय अशी पडत नाही.