आमच्या कुत्र्याचा रोडगा

चंपाषष्ठीच्या सकाळी मी आमच्या कुत्र्याला दूधभाकरी घातली. अगदी पोटभर. पूजेच्या वेळी पायात घोटाळू नये, एवढाच त्यामागं माझा शहाणपणा. खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांना यातली गफलत लगेच कळेल. आमचंही कुलदैवत तेच, पण मला ती दुपारी कळली.

त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पहिला घास कुत्र्याला घालतात आणि मग घरची माणसं जेवतात. वडलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडंच असे. खंडोबाच्या नवरात्राचे सहा दिवस ती एक वेळ जेवायची आणि चंपाषष्ठीला तर कुत्र्यानं नैवेद्याला तोंड लावल्याशिवाय पाण्यापलीकडं काही घ्यायची नाही. त्या वर्षी नुकतीच तापातून उठली होती. सकाळपासून भिंत धरून चालत होती.

आता ते कुत्रं. आई कळंबच्या आडतीतली, पोत्यांवर लोळून मोठी झालेली. बाप म्हणे निजामाचा अंमल गेल्यावर हैदराबादला परतलेल्या कुणा अधिकाऱ्याचं केसाळ कुत्रं. दोघांचं वाईट तेवढं यानं उचललं होतं. उंची मांजराएवढी, केस फक्त कानांवर न् शेपटीवर, आणि रुबाब तहसीलदाराचा. कचेरीतून आलो की मी त्याच्या गोचिड्या काढत बसे आणि हे डोळे मिटून पडे, जणू त्याच कामावर माझी नेमणूक झाली होती. चोराला शेपूट हलवील आणि यष्टीवर भुंकून घसा बसवून घेईल, असली त्याची अक्कल.

रोडगा पुढं ठेवला. त्यानं हुंगला, शिंकलं, आणि आमच्याकडं पाठ करून पडलं.

"खात न्हाय व्हय?" आत्या म्हणाली.

"खाईल की."

"कवा? मी गेल्यावर? सकाळी काय घातलंस त्याला?"

चुलीपाशी बसलेली बायको म्हणाली, "काय न्हाय हो आत्याबाई. नुसतं अर्धा शेर दूध आन् दोन भाकरी."

"आन् ह्याला कचेरीत खुर्ची देत्यात," आत्या म्हणाली.

मी रोडगा घेऊन दुसरं कुत्रं शोधायला निघालो. पण घरोघरी तोच नैवेद्य. मारुतीच्या पारापाशी गल्लीतली सगळी कुत्री पोटं फुगवून उन्हात पडली होती. हेडक्लार्क माझ्या रजेच्या अर्जाकडं बघतो तसं एकानं रोडग्याकडं बघितलं आणि डोळे मिटले.

परत आलो तर आत्या खांबाला टेकून बसलेली, ओठ सुकलेले.

"आत्या, घोटभर दूध घ्या. देव काही रागवायचा नाही."

"देवाचं तू मला शिकीव आता," ती डोळे न उघडता म्हणाली. शब्द नेहमीचे होते, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. मी घाबरलो.

कुत्र्याला उचलून परसात नेलं. गोंजारलं, चुचकारलं, शिव्या दिल्या. ते माझ्याकडं बघेना. शेवटी हे असं खायचं रे बाबा, म्हणून मी रोडग्याचा तुकडा भरतात बुडवून स्वतःच्या तोंडात टाकला आणि मचमच चावून दाखवला. चांगलं काही माझ्या वाट्याला जातंय, हे मात्र त्याला सोसवेना. गुरगुरत उठलं, बोटासकट उरलेला रोडगा ओढला आणि भरताचा द्रोणसुद्धा चाटून काढला.

"खाल्लं, खाल्लं," म्हणत मी बोट दाबून धरत आत आलो. आत्या खांब धरून उठली, परसदारी जाऊन वांग्यानं माखलेलं ते तोंड नीट बघून आली आणि हात जोडून पानावर बसली. दोन घास गेल्यावर तिच्या तोंडावर जरा रंग आला. तिसऱ्या घासाला भरतात मीठ कमी असल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाल्यावर बायको परसात भांडी घासत होती. मी बोटाला हळद लावत बसलो होतो. वर न बघता ती म्हणाली, "आधी तुम्ही चावलात ते मी बघितलं. आत्याबाईंना बोलले न्हाय. पहिला घास कुत्र्याला गेला म्हनलं, त्यात खोटं काय हाय?"