कृष्णातच्या खाटेखालचं पाणी

कृष्णात वीरकर आता फौजेत नाईक झालाय. सुट्टीवर आला की साताऱ्यात माझ्याकडं त्याची चक्कर असतेच. आल्याआल्या मी त्याच्यापुढं पाण्याचा भरलेला तांब्या ठेवतो. तो हसतो आणि मुकाट्यानं सगळा संपवतो.

ही खोडी आमच्या ट्रेनिंगच्या दवाखान्यातली. ट्रेनिंग संपताना शपथ घ्यायची असते त्या कसम परेडला तीन आठवडे उरले होते. माझा पाय मुरगळला आणि त्याच दिवशी त्याला मूतखड्याची कळ आली. खाटा शेजारीशेजारी मिळाल्या. डॉक्टरांनी त्याला बजावलं, रोज चार लिटर पाणी प्यायचं. दहा दिवसांत खडा पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन आणि परेड पुढच्या बॅचबरोबर. कृष्णातचा चेहराच उतरला. परेड बघायला दुष्काळी माण तालुक्यातून त्याची आई मनुबाई येणार होती. जन्मात पहिल्यांदाच ती जिल्ह्याबाहेर पडणार होती. शेरडं कुणाकडं ठेवायची तेही ठरलं होतं.

रोज सकाळ-संध्याकाळ दोन लिटरची भरलेली बाटली यायची. पाच दिवस झाले तरी खडा हलेना. सहाव्या दिवशी समीक्षा सिस्टरांचं पेन खाली पडलं. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. खाटेखाली आठ बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, भरलेल्या.

"हे काय रं?"

"साठवलंय सिस्टर. उद्या पाणी आलं न्हाई तर?"

मला अशी चीड आली की काय सांगू. बॅच हातची जायची वेळ आली आणि हा गडी पाणी राखत बसलाय! पण सिस्टर चिडल्या नाहीत.

"माणातला का तू?"

"व्हय."

"मी शिराळ्याची. आमच्याकडं पाणी नको नको हुतंय. हितंबी टाकी भरून वाहतीया. पी."

कमरेवर हात ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या. कृष्णात चोरी केल्यासारखा इकडंतिकडं बघत प्यायला. पुढचे दोन दिवस सिस्टरांनी त्याला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी संडासातून आरोळी आली, "पडला गड्या, पडला!" मी पट्टीच्या पायानं उड्या मारत गेलो. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या.

परेड आम्ही दोघांनी एकाच रांगेत केली. संपल्यावर मनुबाईंनी लेकाच्या तोंडावरनं हात फिरवला आणि पिशवीतनं पाण्याची बाटली काढली. घरून आणलेली, काठोकाठ भरलेली.

"म्हटलं, तुला हितं पाणी मिळतंय का न्हाई. मी वाटंत तोंडबी लावलं न्हाई."

ओठ सुकून पांढरे पडले होते त्यांचे. कृष्णातनं बाटली उघडून त्यांच्याच हातात दिली.

"पी, आये."

"समदं? आन् परतीला रं?"

"परतीचं मी भरून देतो. पी."

आणि आई बाटली संपवेपर्यंत तो कमरेवर हात ठेवून तिथंच उभा राहिला.