सुधाताईचा हल्ला

आज नया बाजारातून जाताना मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास आला आणि मन एकदम बेचैन झालं. शिंदे की छावनीतल्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. सुधाताईला बघायला पाहुणे यायचे होते. केसांत गजरा माळून, आईचं जरीचं पातळ नेसून ती माझ्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडून बसली होती. मी बारा वर्षांची होते.

एरवी ताई फार जपून खेळायची. त्या दिवशी दुसऱ्याच चालीला तिने एक प्यादं फुकट दिलं, आणि थोड्या वेळाने घोडाही.

"ताई, घोडा गेला ना तुझा!"

"जाऊ दे. तू अपना राजा संभाल."

तिचा वजीर पुढे आला, पाठोपाठ उंट. मी राजाला घेऊन नुसती पळत होते. तिचा पाय सारखा हलत होता. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि आईने हाक मारली, "सुधा, चहा घेऊन ये."

"आले, दोनच चाली राहिल्यात."

मात देऊन ती उठली आणि चहा न घेताच बैठकीत गेली. तिचे शब्द आतपर्यंत स्पष्ट ऐकू आले. "माफ करा, मला अजून शिकायचंय. लग्न आत्ता नाही करायचं."

मी मात्र आत हरल्याचं रडत बसले होते. आता वाटतं, त्या बैठकीपर्यंत चालत जायचं बळ ती पटावर गोळा करत होती, आणि हल्ल्याच्या त्या सरावाला समोर तिला मीच हवी होते.