आत्याच्या डाव्या बाजूची नोंद

जे कागदावर नाही ते जगात घडलेलंच नाही, असं मानणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ती नेमकी माझी सख्खी आत्या निघावी हे माझं नशीब. जमीन मोजणीच्या कचेरीत तिची सगळी नोकरी गेली आणि निवृत्त होताना ती कचेरी सोबत घरी घेऊन आली. बरण्यांवर चिठ्ठ्या सगळेच लावतात हो. आत्याच्या बरणीवर साखर कधी भरली, कोणी भरली आणि त्याआधी बरणीत काय होतं, हेही असायचं. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं, तर ती शांतपणे सांगायची, "मुदतीत अर्ज आला नाही." माझ्या मुलाच्या बारशाला आली तेव्हा पाळण्यात एकदा वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "जन्माची नोंद केलीस?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात करतो." "मग आज घुगऱ्या कोणाच्या नावाने वाटतोयस?" एवढं बोलून ती खुर्चीवर बसली, आणि शेवटपर्यंत तिने घुगरीचा एक दाणा तोंडात घातला नाही. माझ्या बायकोने हे मला अजून माफ केलेलं नाही.

साठी ओलांडल्यावर तिला कर्करोग झाला आणि तिचा डावा स्तन काढावा लागला. हा शब्द लिहिताना माझा हात आजही अडखळतो. आमच्या घरातल्या बायका तर "तिचं ते ऑपरेशन" म्हणून आवाज खाली आणायच्या. आत्याची जीभ कधी अडखळली नाही. भाजीवाल्याला सुद्धा ती भर रस्त्यात ऐकवायची, "पिशवी उजव्या हातात दे. डावा स्तन काढलाय, काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला ओझं चालत नाही." भाजीवाला बिचारा न मागता कोथिंबीर घालून मोकळा व्हायचा आणि मी शेजारच्या दुकानातल्या झाडूंचं निरीक्षण करत उभा राहायचो. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की त्या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, नाहीतर हात सुजेल. हे तिने दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलं होतं. घरात ती एकटीच राहायची, तरीही.

रिकाम्या जागी घालायला तिने घरीच एक गोल पिशवी शिवली आणि उजवीकडचा अंदाज घेऊन तिच्यात मटकी भरली. बाजारात मिळणाऱ्या तयार वस्तूत आत काय भरलंय ते लिहिलेलं नसतं, असं तिचं म्हणणं. एकदा घाईत ती पिशवी तशीच धुण्यात भिजत पडली, आणि दोन दिवसांनी पाहते तो काय, शिवणीतून मोड बाहेर आलेले! तिने मला फोन करून हे सविस्तर कळवलं. मला हसावं की रडावं कळेना. मी घाबरत घाबरत विचारलं, "मग काय केलंस गं त्याचं?" "टाकली. उसळ करायला मी काय वेडी आहे?" त्यानंतर तिने मटकीऐवजी राळ्याचे बारीक दाणे भरले.

गुडघ्यांनी साथ सोडली तशी ती आपणहून लोणी काळभोरच्या अलीकडे एका शुश्रूषागृहात राहायला गेली. मी रविवारी स्वारगेटहून बस पकडून तिला भेटायला जायचो. तिथे दर तीन महिन्यांनी प्रत्येक रहिवाशाचा एक तक्ता भरत: चालतात का, ऐकू येतं का, आधी कुठल्या शस्त्रक्रिया झाल्यात वगैरे. तिथले व्यवस्थापक म्हणजे इतका सज्जन आणि लाजाळू माणूस, की बाईमाणसाला "पाय दुखतात का" विचारतानाही भिंतीकडे बघायचे. आणि त्यांची एक पद्धत होती. तक्ता माणसाचा नसायचा, खाटेचा असायचा. नवीन माणूस आला की वरचं नाव बदलायचं आणि खाली सगळीकडे "मागीलप्रमाणे" लिहायचं. कुणाला काही विचारायला नको, लाजायला नको, काम चोख.

पहिल्याच वर्षी आत्याला सणसणून ताप भरला. ती ग्लानीत होती. सिस्टरने नियमाप्रमाणे तक्ता पाहिला, त्यात हाताबद्दल अवाक्षर नव्हतं, म्हणून डाव्या हाताला सलाईन लावलं. ताप उतरला, पण हात असा सुजला की पंधरा दिवस आत्याला वेणी घालता आली नाही. मी गेलो तेव्हा ती उशीवर हात ठेवून बसली होती. ती चिडली असेल अशी माझी खात्री होती. पण ती घाबरली होती. सगळ्या आयुष्यात मी तिला घाबरलेलं तेवढंच पाहिलं. "मला शुद्ध नव्हती रे," ती म्हणाली. "असती तर सांगितलं असतं. उद्या कायमचीच शुद्ध गेली, तर माझ्या वतीने कोण सांगणार? तू तर तो शब्दही उच्चारत नाहीस."

मग आत्याने कंबर कसली. तिने तक्त्याची नक्कल मागितली. नक्कल मिळाली आणि आम्हाला कळलं, की तिच्या खाटेवर आधी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यामुळे आत्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन यशस्वी झालेलं होतं, तिला विडीची सवय होती आणि "दाढी स्वतः करू शकत नाही" अशी नोंद होती. आत्याने चष्मा पुसून हे दोनदा वाचलं. "दाढीचं बरोबर आहे," ती म्हणाली, "बाकीच्याला माझी हरकत आहे."

पुढच्या रविवारी तिने रीतसर पंचनामा ठेवला. पंच म्हणून मी आणि सिस्टर. व्यवस्थापक पेन घेऊन समोर बसले. आत्या दक्षिणेकडे तोंड करून ताठ बसली आणि सांगू लागली, "लिहा. पूर्वेस डावी काख, पश्चिमेस छातीचं मधलं हाड, वरच्या अंगाला गळ्याचं हाड, यांच्या दरम्यानचा स्तन शस्त्रक्रियेने काढलेला आहे." व्यवस्थापकांचे कान लालबुंद झाले. ते म्हणाले, "ताई, नुसतं 'शस्त्रक्रिया झाली' लिहिलं तर?" "अहो साहेब, आपण दात लिहिता, डोळा लिहिता, प्रोस्टेटसुद्धा लिहिलंत, तेही माझ्या नावावर. हाच काय तेवढा परका?" त्यांनी भिंतीकडे बघत लिहिलं. शब्द ओळीबाहेर गेला म्हणून आत्याने तो पुन्हा लिहायला लावला. मग "कृत्रिम अवयव" हा रकाना आला आणि तिने राळ्याची पिशवी काढून टेबलावर ठेवली. व्यवस्थापक उठले आणि पाणी पिऊन येतो म्हणून गेले ते जेवणाची घंटा झाल्यावरच परतले. शेवटी सिस्टरनेच लाल शाईने लिहिलं, "डाव्या हाताला सुई नाही, पट्टा नाही." मी सही केली. सही करताना मी तो शब्द मोठ्याने वाचलाही, कारण आत्याने वाचायला लावला. त्या दिवसापासून तिथे तक्ता खाटेचा राहिला नाही, माणसाचा झाला.

याला आता काही वर्षं झाली. आत्याची स्मृती गेल्या दोन वर्षांत हळूहळू पुसली गेली. आधी तारखा गेल्या, मग माणसं. मला ती मोजणीचा साहेब समजते आणि उठून उभं राहायला बघते. मला फार वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

मागच्या रविवारी मी असतानाच रक्त तपासायला नवीन सिस्टर आली, तिथल्याच गावातली, विशीची पोर. आत्याने शहाण्या मुलीसारखा हात पुढे केला. डावा. मी ओरडणार, तोच ती पोरगी म्हणाली, "ह्यो न्हाय आजी, दुसरा द्या."

आत्याने आपल्याच हाताकडे नवलाने पाहिलं. "का? याला काय झालंय?"

"तुमचं डावीकडलं स्तनाचं आपरेशन झालंय. कागदावर लिवलंय की."

आत्या विचारात पडली. तिला काहीच आठवत नव्हतं, ते ऑपरेशन नाही, तो सुजलेला हात नाही, आम्ही कोणी नाही. मग तिचा चेहरा निवळला.

"लिहिलंय ना? मग झालं असेल," ती म्हणाली, आणि तिने उजवा हात पुढे केला.