लाल झाकणाची बरणी

कुणाच्या घरातून लोणच्याच्या फोडणीचा, हिंग-मोहरीचा वास आला की मला मुदखेडचा तो बाजार आठवतो. कैरीचा हंगाम जोरात गेला होता, पण हाती काही उरलं नव्हतं, कारण मी विकायचे त्या लोणच्याइतकाच खर्च ते भरायच्या बरण्यांवर झाला होता. माझ्या हाताला चव आहे म्हणूनच माल खपतो, याबद्दल मला शंका नव्हती, म्हणून मी लाल झाकणाच्या बरण्या देणं बंद केलं, तेच लोणचं पाकिटांत भरलं आणि भावही उतरवला. घरात अजून पिंपं भरलेली होती. ती रिकामी झाली नाहीत तर धंदाच गुंडाळावा लागणार होता. पण दुपार कलली तरी एक पाकीट हललं नाही. उन्हानं कडांमधून तेल झिरपू लागलं, माशा बसू लागल्या, आणि मी पदरानं पाकिटं पुसत घसा सुकेपर्यंत ओरडत राहिले. शेवटी दर बाजाराला माझ्याकडून बरणी नेणारी आजी दिसली. मी धावत जाऊन तिचा हातच धरला. “आजी, तेच लोणचं हाय, चव तर बघा!” तिनं पाकीट उलटंसुलटं करून परत ठेवलं. “चव काय बघायची, बाई? लई खारट असतंय तुझं लोणचं. ते मी शेजारणीला देऊन टाकायची. बरणीत डाळ चांगली राहती, म्हणून घेत व्हते.” आता आम्ही लोणचं दुकानातून आणतो. ते पाकिटात मिळतं. घरी आलं की मी ते लाल झाकणाच्या बरणीत काढून ठेवते.