चौथ्या गिअरचा आवाज

दिल्लीच्या करोल बागेतून ह्यांनी आपल्या जुन्या गाडीसाठी गिअरबॉक्स आणला तो ऑटोतून, शेजारी पाहुण्यासारखा बसवून. आमच्या गाझियाबादच्या बिल्डिंगची लिफ्ट नेमकी बंद होती. वॉचमनला हाताशी धरून तो वर चढवला आणि हॉलमध्ये, वाळवून घडी घालायला ठेवलेल्या चादरीवर टेकवला. भंगारात निघालेल्या कुठल्याशा जपानी गाडीचा, पाच गिअरचा. त्यातून काळं तेल पाझरायला लागलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "अगं, जुनीच चादर आहे ना?" चादर नवी होती. नवरे चादरी बघत नाहीत हे मला संसारात पडल्यापासून ठाऊक आहे. पण त्या हिवाळ्यात मी ह्यांच्या प्रत्येक चुकीचा एकच अर्थ लावत होते.

माझे सासरे काचबिंदूने आंधळे झाले. कोल्हापूरच्या घरात मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, फक्त कडेचं कुरतडत जातं. सासरे चष्मा लावून पेपर वाचायचे आणि उठले की दाराच्या चौकटीवर आपटायचे. त्यांच्या ताटात वाटी डावीकडे ठेवली तर आमटी तशीच राहायची. हे घराण्यात उतरतं, मुलांनी वेळेवर तपासून घ्या, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरल्या दिरांनी तपासून घेतलं. आमचे हे सरकारी नोकरीत इंजिनीअर, सगळ्या जगाला मोजमाप शिकवणारे, ते मात्र "बघू" म्हणून दिल्लीला परतले आणि तो विषय मिटला. तेव्हापासून माझ्या पोटात ही भीती होती. ह्यांची नजर चालली असेल, हे ती गोष्ट लपवतील आणि एक दिवस त्या गाडीसकट कशाखाली तरी जातील.

गाडी म्हणजे ह्यांची लाडकी. दोन सीटांची, बुटकी, गडद हिरवी, विलायती. वयाने पन्नाशीपार, म्हणून विंटेजमध्ये नोंदलेली. नाहीतर दिल्लीच्या आसपास एवढी जुनी गाडी कोण ठेवू देतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. तिला चारच गिअर. साठ-सत्तरच्या वर गेलं की इंजिन असं किंचाळायला लागायचं की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नसे. मी काही म्हटलं की हे मान हलवायचे, आणि उतरल्यावर कळायचं की अक्षर कानावर पडलेलं नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो गोंगाट माझा विमा होता. एवढ्या आवाजात जोरात गाडी चालवावी असं ह्यांनाही वाटत नसे. आता पाचवा गिअर बसला की तेच इंजिन त्याच वेगाला निवांत फिरणार होतं आणि हे गाडीने कोल्हापूरला जाणार होते, मला शेजारी घेऊन. ब्रेक मात्र तेच जुने राहणार होते.

काम चालायचं एका लेथवाल्याच्या शेडमध्ये. तो पंजाबी गृहस्थ, ह्यांचा जुना स्नेही. गाझियाबादच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप होतं आणि तिथला एक कोपरा त्याने ह्यांना दिला होता. जुनं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स ही दोन वेगळ्या देशांतली माणसं. त्यांना जोडणारी जाड पोलादी प्लेट त्यानेच लेथवर उतरवून दिली. मी दुपारी डबा घेऊन जायचे आणि शाल पांघरून खुर्चीत बसून राहायचे. शेडच्या दारातून समोरची भिंतसुद्धा दिसत नसे. धुकं आणि धूर असा मिसळलेला की बारा वाजता ट्रकांचे दिवे लागलेले असत. हे चेनपुलीने इंजिन उचलताना खांबाला धडकले. म्हणाले, धुकं आहे. चहाचा ग्लास कोपराने उडवला. धुकं आहे. मी म्हटलं, शेडच्या आत कुठलं आलंय धुकं? त्यावर हे हसले. "यार, दिल्लीत या दिवसांत दिसतं कुणाला?" लेथवालाही हसला. हसले नाही ती मी एकटी.

मग पत्रा कापायचा दिवस आला. दोन सीटांच्या मधे पत्र्याचा उंचवटा असतो, त्याच्या पोटात गिअरबॉक्स बसतो आणि गिअरचा दांडा त्यातून वर येतो. नव्या बॉक्सचा दांडा जुन्यापेक्षा मागे येत होता, म्हणून नवं भोक पाडायचं होतं. ह्यांनी अगोदर पुठ्ठ्याचा नमुना केला, पट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं, खडूने आखलं. घरात खिळा ठोकायचा तरी अर्धा तास मोजणारा माणूस. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या, मी तोंड फिरवलं. आवाज थांबल्यावर पाहिलं तर उजवी कड खडूवरून बरोबर गेली होती आणि डावी दोन बोटं बाहेर. खडूची रेघ भोकाच्या आत, कापून पडलेल्या तुकड्यावर राहिली होती. लेथवाल्याने तो तुकडा उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाला, कोई बात नहीं, ऊपर से चमडा आ जाएगा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरून मला कळलं की त्यालाही कळलं आहे.

त्यानंतर मी एक वेडेपणा सुरू केला. हे गाडीखाली पाठीवर झोपून काम करायचे आणि हात बाहेर काढून पाने चाचपायचे. डाव्या गुडघ्याशी पडलेला पाना त्यांना सापडायचा नाही. ते चिडायचे, इथेच ठेवला होता म्हणायचे. मी खुर्चीतून उठायचे आणि पाना उचलून त्यांच्या बरोबर समोर ठेवायचे, काही न बोलता. घरीही तेच. पाण्याचं भांडं ताटाच्या वर, मधोमध. चपला दाराच्या मधोमध. ज्याची मला धास्ती होती तेच मी माझ्या हातांनी झाकत होते. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बोलले तर ते खरं होईल असं वाटत असावं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव मात्र रोज काढत होते. हे म्हणायचे, बिल्कुल जाऊ, गाडीचं होऊ दे.

एकदा मी पाहायचंच ठरवलं. हे इंजिनवर वाकून बोल्ट आवळत होते. मी त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले, हाताच्या अंतरावर. पिवळी साडी होती, वर लाल शाल. त्यांनी बोल्ट आवळला, दुसरा घेतला, तोही आवळला. मी हात वर केला, बोटं हलवली. श्वाससुद्धा जपून घेत होते. त्यांनी हातातला पाना पाहिला, समोरची भिंत पाहिली आणि शेडच्या दाराकडे तोंड करून मला हाक मारली, "अगं, आलीस का?" मी तिथेच उभी होते. मागे सरून, दारापर्यंत जाऊन मी उत्तर दिलं, हो, आले.

गिअरबॉक्स बसला. त्याच्यापासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला, तोही बसला. गल्लीत पहिली चक्कर मारून आले तेव्हा हे खुशीत होते. जुन्या बॉक्समध्ये पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नसे, खरकन आवाज करायचा. आता सगळे लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. लेथवाल्याने पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, आता डॉक्टर? हे म्हणाले, रविवारी एक्सप्रेसवेवर चाचणी घेऊ, मग डॉक्टर. तू नाही आलीस तर एकटा जातो. या शेवटच्या वाक्यासाठी मी गेले. ह्यांना एकटं मी जाऊ देणार नव्हते.

रविवार स्वच्छ उजाडला. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि आभाळ असं निळं होतं की दूरच्या टॉवरांच्या खिडक्या मोजता याव्यात. एक्सप्रेसवेवर ह्यांनी तिसरा टाकला, चौथा टाकला. गाडी नेहमीसारखी किंचाळायला लागली. मग त्यांनी दांडा उजवीकडे घेऊन पुढे सारला आणि आवाज एकदम खाली बसला. वाऱ्याची सळसळ तेवढी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत मला ह्यांचा श्वास ऐकू आला. हे म्हणाले, "बघ." आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. डावीकडे दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल होती. माझ्या खिडकीच्या इतकी जवळ की दूधवाल्याच्या गळ्यातला मफलर मला हाताने ओढता आला असता.

"डावीकडे," मी म्हटलं. ओरडलेही नाही.

ह्यांनी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. मोटरसायकल मागे पडली. मला धडकी भरली ती मात्र त्यानंतर. ह्यांनी डावीकडे बघितलं नव्हतं. ज्याला दिसतं तो माणूस आधी मान वळवतो. ह्यांनी माझा शब्द ऐकला आणि चाक फिरवलं.

"तुम्ही बघितलं नाहीत."

"तू सांगितलंस ना," हे म्हणाले. "चौथ्यात तुझा आवाज ऐकू येत नव्हता. आता येतो. तू फक्त सांगत राहा, कोल्हापूरपर्यंत आरामात जाऊ."

म्हणजे हा सगळा खटाटोप वेगासाठी नव्हताच. मी ऐकू यावी म्हणून होता. मला गाडी थांबवा म्हणायचं होतं, पण तिथे थांबायला जागा नव्हती आणि डावीकडून ट्रक येत होता. मी म्हटलं, ट्रक आहे डावीकडे. मग म्हटलं, गेला. मग बस. मग मोकळं आहे. मी बोलत राहिले आणि हे प्रत्येक शब्दावर चाक धरत राहिले. उभ्या संसारात ह्यांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. बाहेर पडायचा रस्ता आल्यावर मी त्यांना डावीकडे घ्यायला लावलं, हळू, अजून हळू, आणि टपऱ्यांच्या पुढे मोकळ्या जागेत गाडी उभी राहिली.

हे समोर बघत म्हणाले, दिवाळीनंतर एकटाच जाऊन आलो डॉक्टरांकडे. थेंब घालतोय. आहे ते टिकेल म्हणाले, गेलं ते येणार नाही. गाडी चालवू नका म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर शेजारी बसली असतीस?"

मला संताप आला. त्या दूधवाल्याचं काय, मी विचारलं. त्याच्या घरच्यांना काय सांगितलं असतंत? मी उतरले, वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले आणि म्हटलं, उतरा. ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत दुसऱ्या बाजूला गेले आणि माझ्या जागेवर बसले.

ती गाडी मी कधी चालवली नव्हती. क्लच जड होता, पण गिअर खरोखर हलके पडत होते. परतीच्या रस्त्याला लागल्यावर मी चौथा टाकला आणि इंजिन किंचाळायला लागलं. हे काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी माझ्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं, पाचवा टाक, पाचवा. मी टाकला नाही. घर येईपर्यंत गाडी चौथ्यातच ठेवली, कारण त्या आवाजात मला रडता येत होतं.