तुमचं तुम्ही बघा

शेजारच्या सुमनमावशींचा उजवा हात पक्षाघातानंतर मांडीवर नुसता पडून असतो. एका संस्थेकडून रोज बाई येते, आंघोळ घालते आणि मावशींना न विचारता घट्ट वेणी घालून जाते. मावशींना अंबाडा आवडतो.

काल मी तिथं बसले असताना संस्थेतली एक हसतमुख मुलगी आली. यापुढे बाई पाठवणार नाही, त्याऐवजी पैसे थेट मावशींच्या खात्यात येतील, म्हणाली. बाई कोण ठेवायची, व्यायाम कुणाकडून करून घ्यायचा, सगळं मावशींनी ठरवायचं. "आता तुमचं तुम्ही बघा!" हे तिनं बक्षीस दिल्यासारखं सांगितलं.

"म्हणजे अंबाडा घालणारी बाई ठेवता येईल?" मावशी खुलल्या. इतक्या दिवसांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. पण ते वाक्य काही माझ्या घशाखाली उतरेना. आपल्याकडे 'तुमचं तुम्ही बघा' असं कुणाला मान द्यायला म्हणतात का? भांडण विकोपाला गेलं की म्हणतात, अंग काढून घ्यायचं असलं की म्हणतात. आणि म्हणणारा तोवर चपला शोधू लागलेला असतो.

"आणि बाई आलीच नाही, तर तक्रार कुणाकडे करायची?" मावशींनी विचारलं.

"तुमच्याकडेच की, मावशी! आता मालकीण तुम्हीच."

मावशी हसल्या. मुलगीही हसली, दारात वाकून सँडलचा पट्टा लावता लावता.